तीन किलोमीटरवरचं धुराडं

फोन ठेवताना भिंगरी नुसतं "बरं" म्हणाली, आणि ते "बरं" संध्याकाळपासून माझ्या कानातून निघत नाहीये. अंथरुणावर पडले, कूस बदलली, दोनदा उठून पाणी प्यायले. शेवटी तिच्या बाबांना घोरत ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले आणि शिकवणीची एक अर्धी कोरी वही उघडली. भिंगरी कधीच नुसतं "बरं" म्हणत नाही. "बरं, पण" म्हणते. बोलायला लागल्यापासून तिच्या त्या "पण"नं मला भंडावून सोडलं आहे. आज तो आलाच नाही. म्हणजे तिनं माझं ऐकलेलं दिसतं. आणि तिनं माझं ऐकलं असेल, याचाच मला घोर लागला आहे.

पण केवळ रडगाणं लिहायला मी बसलेले नाही. आज दुपारी आमच्या मुलीनं जे केलं ते ऐकून अंगावर आलेला काटा अजून बसलेला नाही, आणि त्यानंतर संध्याकाळी गच्चीवर मला जे उमगलं त्यानं तर झोपच पळाली. सगळं एका दमात सांगून टाकावंसं वाटतंय. पण तिच्या ऑफिसातले ढगोबा म्हणतात तसं, आधी वारा, मग ढग, मग बाकीचं. तेव्हा क्रमानंच सांगते.

भिंगरी आमची एकुलती एक. वय सव्वीस. खरं नाव दुसरंच आहे, पण पाय फुटल्यापासून ती एका जागी टेकली नाही, म्हणून भिंगरी. गावाबाहेर एक लहान विमानतळ आहे, तिथे ती हवामान निरीक्षक आहे. मोठी विमानं तिथे येत नाहीत. उडायला शिकणाऱ्यांची टीचभर विमानं घिरट्या घालत असतात, तेवढीच. पाळ्या पहाटेच्याही असतात, म्हणून ती तिथल्याच क्वार्टरमध्ये राहते, आमच्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. दर तासाला, तास भरायला दहा मिनिटं उरली की ती ऑफिसच्या गच्चीवर जाते, हवा पाहते, खाली येते आणि पाहिलेलं रजिस्टरमध्ये लिहिते. तिचे बाबा ओळखीच्या लोकांना सांगतात, आमच्या मुलीला हवा खायचा पगार मिळतो. त्यांनी चौतीस वर्षं बस चालवली, त्यामुळे गच्चीवर उभं राहून पगार मिळतो हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

या नोकरीचं मूळ माझ्या एका चुकीत आहे, असं मी मानते. भिंगरी मात्र मानत नाही, ती म्हणते तू उगाच श्रेय घेऊ नकोस.

ती सहावीत असताना इंग्रजीच्या धड्यात एक वाक्य आलं होतं, 'इट वॉज अ हेझी मॉर्निंग'. हेझी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, घरी आठ-दहा मुलांची शिकवणी घेणारी. हातातली भाजी खाली न ठेवता सांगून टाकलं, हेझी म्हणजे धुक्याची. तिचा "पण" तयारच होता. मागच्या धड्यात मिस्टी म्हणजे धुक्याची होती, त्याच्या मागच्या धड्यात फॉगी म्हणजेही धुक्याचीच होती, मग एका धुक्याला तीन शब्द कशाला? मी म्हटलं, इंग्रजांकडे धुकं फार. तिनं तसंच लिहिलं आणि शाळेत ते बरोबर धरलं गेलं. विषय संपला, असं मला वाटलं.

तो बारा वर्षांनी पुन्हा निघाला. निवड झाल्यावर भिंगरी सहा महिने प्रशिक्षणाला गेली होती. पहिल्या सुट्टीत घरी आली ती दारातच, बूटही न काढता, म्हणाली, "आई, तू मला बारा वर्षं चुकीच्या हवेत ठेवलंस."

मला वाटलं काहीतरी भलतंच झालं. तिनं पिशवीतून दोन थर्मामीटर काढले. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळली, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही बाल्कनीतल्या दोरीला टांगून मला पुढ्यात उभं केलं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि ओला पारा खाली उतरतो. हवा दमट असली की पाणी उडायला जागाच नसते, दोन्ही पारे जवळजवळ बरोबरीनं राहतात. आता समोरचं अस्पष्ट दिसतंय आणि दोन्ही पारे बरोबरीला आहेत, तर हवेत पाण्याचे थेंब आहेत. ते फार दाट असले तर फॉगी, विरळ असले तर मिस्टी. पण समोरचं अस्पष्ट आहे आणि दोन पाऱ्यांमध्ये मोठं अंतर आहे, म्हणजे हवा खडखडीत कोरडी आहे, तर तो दोष पाण्याचा नाही. धुळीचा आहे, धुराचा आहे. ती हवा हेझी. त्यातले कण इतके बारीक की एकेकटे दिसत नाहीत, पण सगळे मिळून पलीकडचं दिसू देत नाहीत.

"आपल्या नातेवाइकांसारखे," तिचे बाबा म्हणाले.

ती संध्याकाळ आम्ही तिघांनी त्या एका शब्दात घालवली. इतकी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती. काय काय हेझी असू शकतं? गरम पाण्यानं अंघोळ केल्यावरची न्हाणी हेझी का, असं तिच्या बाबांनी विचारलं. नाही, वाफ ओली असते. तळ्यातलं गढूळ पाणी? तेही नाही, त्याला वेगळा शब्द आहे. डोंगर हेझी, आकाश हेझी, दुपारचं ऊन हेझी. लांबचा काळा डोंगर हेझी हवेत निळसर दिसतो आणि पांढरी भिंत पिवळट, हेही तिनं सांगितलं. मावळता सूर्य तांब्याच्या ताटासारखा होतो, डोळे न मिचकावता त्याच्याकडे पाहता येतं. मग मी माझी बी.ए.ची अब्रू सावरायला सांगितलं की आठवणसुद्धा हेझी होते, कल्पना हेझी असते, एखाद्याचा बेत हेझी असतो. कडा पुसल्या गेल्या की झालं. यावर तिचे बाबा म्हणाले, म्हणजे तुझी आई मला बाजारातून जे आणायला सांगते ते.

मराठी शब्द काही केल्या सापडेना. धूसर म्हणावं तर त्यात हवा ओली की कोरडी हे कळत नाही. मळभ म्हणावं तर ते ढगांचं. धुरकट जवळचा होता, पण त्यात धूळ येत नव्हती. तेव्हा बसच्या काचेतून चौतीस वर्षं रस्ता पाहिलेला माणूस म्हणाला, धुरळट. शब्दकोशात असेल नसेल, आमच्या घरात मात्र तेव्हापासून हेझी म्हणजे धुरळट.

आता तिच्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

नोकरी लागल्यावर महिन्याभरानं तिनं मला गच्चीवर नेलं होतं. चौकोनी पांढरी खोली, तिच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी जिना, वर कठडा. कठड्याला आतून एक पत्र्याचा तक्ता लावलेला, त्यावर खुणा लिहिलेल्या. कुंपणाचा कोपरा तीनशे मीटर. पाण्याची टाकी बाराशे. शाळेचं लाल छप्पर दोन हजार. बंद पडलेल्या वीट कारखान्याचं धुराडं तीन हजार. टेकडीवरचा मनोरा पाच हजार. गच्चीवर उभं राहून ओळीनं पाहत जायचं. जी शेवटची खूण नीट ओळखू येते, तितकी त्या तासाची दृश्यता. यंत्र नाही, बटण नाही, माणसाचे दोन डोळे. मला ते इतकं भारी वाटलं की मी दोनदा सगळा तक्ता वाचत उभी राहिले.

त्यातलं धुराडं पाहून तर मी ओरडलेच. ते आमचंच! आमच्या गल्लीच्या टोकाला तो कारखाना. भिंगरी त्या धुराड्याच्या सावलीत लहानाची मोठी झाली. सावली दुकानाच्या पायरीला लागली की शाळेची वेळ झाली, हे तिचं घड्याळ होतं. ती म्हणाली, सगळ्या तक्त्यात तीच सगळ्यात चांगली खूण आहे. काळी, सरळ, मागे मोकळं आकाश. डोळे मिटूनही सांगता येईल कुठे आहे ते.

तिथेच ढगोबांशी ओळख झाली. तिच्या ऑफिसातले सगळ्यात जुने निरीक्षक. समोरच्या माणसाशी बोलतानाही मान वर करून आकाशाकडे पाहतात, म्हणून ढगोबा. तीन महिन्यांनी निवृत्त होतील. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "बाई, आमच्या कामात पापं दोनच. एक, न बघता लिहिणं. दुसरं, माहीत आहे म्हणून लिहिणं." पहिल्या पापाचा किस्साही सांगितला. पूर्वी एक मुलगा पावसात भिजायला नको म्हणून खोलीतूनच नोंदी भरायचा. पकडला गेला आणि त्याचं प्रोबेशन तिथेच संपलं. दुसऱ्या पापाचा किस्सा त्यांनी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. माझ्या डोक्यात तो मुलगाच बसला आणि दोन वर्षं तिथेच आहे. भिंगरीचंही दोन वर्षांचं प्रोबेशन. परवा, गुरुवारी, मुख्य ऑफिसातून मोठ्या मॅडम येणार, रजिस्टर तपासणार, चार प्रश्न विचारणार, आणि मग ती कायम होणार. किंवा नाही होणार.

त्याच्या तयारीसाठी काल सोमवारी सुट्टी असूनही ती क्वार्टरमध्ये अभ्यास करत बसली होती. रविवारीच मला बजावलं होतं, आई, उद्या फोन करू नकोस. मी एरवी ऐकत नाही. कधी नव्हे ते काल ऐकलं.

आणि काल दुपारी ते धुराडं पाडलं.

कधीपासून पाडणार पाडणार म्हणत होते. तिचे बाबा घडीची खुर्ची घेऊन बघायला गेले होते, नाटकाला गेल्यासारखे. एक दणका झाला, धुराडं कमरेत वाकलं आणि बसलं. मग जी धूळ उठली ती रात्रभर हवेतच. वारा नावाला नाही. आज सकाळी खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर विटकरी पीठ लागलं. मला पहिला विचार काय आला असेल? आज भिंगरीला रजिस्टरमध्ये हेझ लिहायला मिळणार. एवढंच. पुढचं काही डोक्यात आलं नाही.

आता आजची दुपार. मी तिथे नव्हते, पण संध्याकाळी सहा वाजता फोनवर तिनं मला ती इतकी रंगवून सांगितली की मी ओट्याशी उभ्याउभ्या तिच्या कठड्याशी पोचले.

दुपारची हवा धुरळट, सूर्य फिका. शिकणारी एक मुलगी एकटीनं पहिलं लांबचं उड्डाण करून परत येत होती. वय एकोणीस. त्यांच्याकडे नियम असा की तीन किलोमीटरच्या खाली दिसत असेल तर शिकणाऱ्यांना इथे उतरू द्यायचं नाही, दुसऱ्या मोठ्या विमानतळावर पाठवायचं. तिथे ती कधी उतरलेली नव्हती. कंट्रोल टॉवरमधल्या माणसाचा खाली फोन आला, तीन आहे का, नक्की सांगा. भिंगरी दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. कोपरा लख्ख. टाकी स्वच्छ. शाळेचं छप्पर फिकट, पण आहे. त्याच्या पलीकडे सगळं पिवळट दूध. तिनं डोळे बारीक केले, श्वास धरला, आणि त्या दुधात तिला एक उभी बारीक रेघ दिसली. धुराडं. तिनं जिन्यावरूनच खाली ढगोबांना ओरडून सांगितलं, तीन हजार, हेझ. त्यांनी ते फोनवर सांगितलं.

मग वाट पाहणं. विमानाचा आवाज येतोय, विमान दिसत नाही. आवाज डोक्यावरून गेला, वळला, परत आला. मला विचाराल तर तेवढ्यात मी ओट्याची कड घट्ट धरली होती. आणि मग धावपट्टीच्या टोकाला धुळीतून एक दिवा फुटला, त्याच्या मागून ते एवढंसं विमान आलं, एकदा उडी मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि टेकलं. ढगोबांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी बाहेर आली, धावत गच्चीखाली आली आणि वर पाहून हात हलवत राहिली. उद्या सकाळी सात वाजता ती पुन्हा उडणार आहे.

"आई, मी तीन सांगितलं म्हणून ती घरी आली," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज इतका भरून आला होता की माझेच डोळे पाणावले.

आणि मी, इतक्या आनंदात, नुसतं बोलणं वाढवायचं म्हणून, बोलून गेले की नशीब बाई, काल ते आपलं धुराडं पाडलं त्याची एवढी धूळ, तरी ती पोरगी नीट उतरली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग तिनं हळूच विचारलं, कुठलं धुराडं. मी सांगितलं. तिनं बाबांना द्यायला सांगितलं. त्यांनी घेतला आणि नाटकाचा सगळा अंक पुन्हा सांगायला लागले, दणका, कंबर, धूळ. त्यांनी फोन मला दिला तेव्हा रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"आई, मला ते दिसलं होतं. मी खोटं नाही लिहिलं. मला खरंच दिसलं होतं."

मी म्हटलं, अगं हो.

"आज सकाळच्या पानावर ढगोबांनाही धुराडं दिसलंय."

तेव्हा माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांसमोर तो खोलीतून नोंदी भरणारा मुलगा उभा राहिला. गुरुवार उभा राहिला. मी दार लावून घेतलं, कोणी ऐकत असल्यासारखी, आणि तिला समजावायला लागले. विमान नीट उतरलं ना. कोणाला काही झालं नाही ना. धुराडं पडल्याचं मॅडमना ठाऊक असायचं कारण नाही. ढगोबांचे तीन महिने उरलेत, या वयात त्यांच्या नावाला बट्टा कशाला. आणि शेवटी जे म्हणायला नको होतं तेही म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुवार होऊ दे. मग काय सांगायचं ते सांग."

ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेले. रोज दिवेलागणीला मी तिथे जाते आणि कठड्याशी उभी राहून विमानतळाच्या दिशेला हात करते. वेडेपणाच आहे. तिला दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण मला तिची पांढरी खोली दिसते, आणि तेवढ्यावर माझी रात्र बरी जाते. आजही हात केला. तिचे बाबा मागे येऊन उभे राहिले होते. आज कोणाला हात करतेस, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खोलीला.

त्यांनी दुर्बीण आणली. भिंगरीनं पहिल्या पगारातून घेऊन दिलेली, ते ती पक्षी बघायला वापरतात असं म्हणतात, शेजारच्यांच्या गच्च्या बघायला वापरतात असं मी म्हणते. बराच वेळ लावून त्यांनी ती खाली घेतली. टाकी कशीबशी दिसतेय, म्हणाले, टाकीच्या पलीकडे काही नाही.

मी म्हटलं, नीट बघा की. ती काय पांढरी भिंत. तो जिना. कठडा.

"जिना?" ते म्हणाले. "अगं, लख्ख उन्हातसुद्धा इथून कधी जिना दिसलेला नाही. तीन किलोमीटर आहे ते."

मी पुन्हा पाहिलं. भिंत होती, जिना होता, कठडा होता. मी डोळे मिटले. तरी होता.

ते सगळं मी एकदा, दोन वर्षांपूर्वी, जवळून पाहिलेलं. आणि त्यानंतर रोज संध्याकाळी तीन किलोमीटरवरून पाहत आले. अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. कोडं सुटल्याचा! माझ्या मुलीनं खोटं लिहिलं नव्हतं, हे मला मघाशीही मान्य होतं, पण तोंडदेखलं, आई म्हणून. आता ते मला माझ्याच डोळ्यांनी पटलं. ढगोबांच्या दुसऱ्या पापाचा किस्सा हाच. तेवीस वर्षं जे धुराडं तिनं उशाशी पाहिलं, ते धुळीत हरवल्यावर तिच्या डोळ्यांनी स्वतःच उभं केलं. ढगोबांच्या डोळ्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं उभं केलं. पुढे कधी तिसरा निरीक्षक वर जाईल, त्यालाही दिसेल. तक्त्यावर लिहिलंय ना तीन हजार, धुराडं. जोवर ते तक्त्यावर आहे तोवर धुळीच्या दिवशी ते प्रत्येकाला दिसणार.

आणि तिचे बाबा म्हणाले तसं, आज टाकीच्या पलीकडे काही नव्हतं. म्हणजे तीन किलोमीटर नव्हते. कदाचित दोनही नव्हते. ती एकोणीस वर्षांची मुलगी नशिबानं आली.

वारा अजून पडलेलाच आहे. मघाशी खिडकी उघडून पाहिली, रस्त्यावरच्या दिव्याभोवती धुळीचं कडं आहे. एकाला चिंधी गुंडाळून दोन्ही थर्मामीटरही टांगून आले, ते पहिल्या सुट्टीतले, मी जपून ठेवलेले. दोन पाऱ्यांमध्ये केवढं तरी अंतर. उद्याही हेझी. आणि सात वाजता ती मुलगी पुन्हा वर जाणार, टॉवरमधून पुन्हा फोन येणार, तीन आहे का, नक्की सांगा. तिचीही आई कुठेतरी ओट्याची कड धरून उभी असेल.

आणि मी माझ्या मुलीला काय सांगितलं? मूठ झाकून ठेव.

गुरुवारचं काय होईल, मला माहीत नाही. मॅडम कडक आहेत म्हणतात. प्रोबेशन वाढवतील, कदाचित त्याहून वाईट. ती धास्ती आहेच, मी काही एका रात्रीत शूर झालेली नाही. पण खोलीतून लिहिणारा मुलगा आणि माझी भिंगरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो वर गेलाच नाही. ही दोन दोन पायऱ्या चढून गेली, पाहिलं, आणि चुकीचं पाहिलं. हे तिनं मान वर करून सांगावं. ढगोबांना आधी सांगावं, म्हणजे ते स्वतःच बरोबर येतील, माझी खात्री आहे. ज्या माणसानं मला दोन पापं सांगितली तो दुसऱ्या पापावर पांघरूण घालणार नाही. मग दोघांनी मिळून तक्त्यावरचं धुराडं रंगानं पुसून टाकावं आणि तीन हजारावर दुसरी खूण शोधावी. आमच्या गल्लीत सार्वजनिक वाचनालयाची पिवळी इमारत आहे, पण पिवळी धुळीत मिसळेल. काळं काहीतरी हवं, मागे आकाश हवं. बाबा सकाळी दुर्बीण घेऊन शोधतील, त्यांना काम मिळेल.

हे सगळं मला तिला सांगायचं आहे, आणि हात नुसते शिवशिवतायत. सहावीतला शब्द दुरुस्त करायला तिला बारा वर्षं लागली होती, कारण आईनं सांगितलं म्हणून तिनं तो तसाच धरून ठेवला होता. आज संध्याकाळचं माझं बोलणं तिनं सात वाजेपर्यंतसुद्धा धरून ठेवायला नको.

उद्या तिची सकाळची पाळी आहे, अशा दिवशी ती साडेचारला उठते. पहिली नोंद सहाला दहा कमी असताना. मी काय म्हणणार ते ठरवलं आहे. भिंगरे, संध्याकाळी मी बोलले ते खोड, आणि तक्त्यावरचं धुराडंही खोड, आधी हे कर, चहा नंतर घे. ती "बरं" म्हणाली तर मी ऐकणार नाही. "बरं, पण" म्हणेपर्यंत फोन धरून ठेवणार आहे.

घड्याळात चार वाजून सव्वीस मिनिटं झालीत. आणखी चार मिनिटं थांबायचं होतं. नाही थांबवत. लावतेच.